पाडवा ते दसरा

कानाच्या पुढे, गालावर बोटं ठेवून दात आवळले की एक टणक गाठ वर येते. भाकरी चावतो तो हाच स्नायू. खालचा जबडा मागे राहिलेल्या मुलाला प्लेट बसवून जबडा पुढे आणला, की पहिले काही दिवस हा स्नायू ठणकतो. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. मग दुखणं ओसरतं. ते का ओसरतं, याचा शोध बराच लांबला.

१९०८ साली डेन्मार्कचे दंतवैद्य व्हिगो आंद्रेसेन यांनी सुट्टीवर निघालेल्या आपल्या मुलीला सैल प्लेट करून दिली. ती परतली तेव्हा वरचे-खालचे दात नीट जुळत होते. पुढे त्यांनी आणि कार्ल हॉइप्ल यांनी मांडलं, की हे काम स्नायूंच्या जोराचं. १९७२ मध्ये टाबारी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पोटरीचा स्नायू चार आठवडे ताणलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला. त्याच्या तंतूंतले आकसणारे सूक्ष्म दुवे, म्हणजे सारकोमिअर, सुमारे एक पंचमांशाने वाढले. प्लास्टर काढल्यावर पुन्हा घटले. १९७३ मध्ये मॅकनमारा यांना जबडा पुढे ठेवलेल्या माकडांत स्नायूंचं काम आधी वाढून मग हळूहळू ओसरताना दिसलं. १९९० मध्ये सेसल यांच्या गटाला मात्र ते घटलेलंच आढळलं. जोर नेमका कुठून येतो, हा वाद राहिला. ताण टिकला तर स्नायू स्वतःला नव्या लांबीचा करून घेतो, एवढं हाती आलं. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये आणलेली ट्विन ब्लॉक ही प्लेट जेवतानाही तोंडात ठेवतात, त्यामुळे ताण सतत राहतो.

बीडमध्ये हे सातत्य ऊसतोडीत तुटतं. दसरा-दिवाळी झाली की गेवराई, पाटोदा, धारूरहून कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत अनेक मुलंही फडावरच असतात. प्लेट बसवण्याचं वय दहा ते चौदा, ऐन वाढीचं. त्याच वयात शाळा सुटते, दवाखान्याची फेरी सुटते. प्लेट डब्यात गेली की स्नायू जबड्याला जुन्या जागी ओढू लागतो.

दोष त्या आईबापांचा नाही. उपचारानेच त्यांचं वर्ष ओळखायला हवं. ट्विन ब्लॉकला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. गुढीपाडव्याला माणसं गावी आली की लगेच सुरुवात केली, तर दसऱ्यापर्यंत सहा महिने सलग मिळतात. उरलेल्या महिन्यांसाठी मूल ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात राहिलं, तर प्लेटही तोंडात राहते आणि शाळाही सुटत नाही.