मूळ वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया : जुने हॉटेल, मालक आणि पाडकाम

- ठिकाण : न्यूयॉर्क, फिफ्थ ॲव्हेन्यू, ३३ व ३४व्या रस्त्यांच्या दरम्यान. वास्तुरचनाकार हेन्री हार्डनबर्ग. एकूण खोल्या सुमारे १,०००.
- मालक : ॲस्टर घराण्यातील दोन चुलतभाऊ. विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर यांचे ‘वॉल्डॉर्फ’ १८९३ मध्ये, तर जॉन जेकब ॲस्टर (चौथे) यांचे शेजारचे ‘ॲस्टोरिया’ १८९७ मध्ये सुरू. दोन्ही इमारती जोडून एकच हॉटेल; चालक जॉर्ज बोल्ट. विल्यम १८९९ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले, निधन १९१९. जॉन जेकब १५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ दुर्घटनेत मरण पावले. त्या दुर्घटनेची अमेरिकी सिनेटची चौकशी १९ एप्रिलला याच हॉटेलात सुरू झाली.

पाडकामाचे कारण : १९२९ मध्ये हॉटेल बंद झाले, तेव्हा त्याचा जुना भागही जेमतेम ३६ वर्षांचा होता, त्यामुळे केवळ वयाने ते पाडावे लागले, असे म्हणता येत नाही. १९२० पासूनच्या दारूबंदीने उत्पन्न घटले, हे खरे. पण तेवढे कारण पुरत नाही. दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि त्याआधीच, १ ऑक्टोबर १९३१ रोजी, याच नावाचे नवे हॉटेल पार्क ॲव्हेन्यूवर उघडले. दरम्यान श्रीमंत वस्ती उत्तरेकडे सरकली होती आणि जुनी जागा कचेऱ्यांच्या इमारतीसाठी अधिक मोलाची ठरली होती. निर्णायक ठरली ती जमीन.

आज तेथे : १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग, उद्घाटन १ मे १९३१.