नोकरीतील अपंगत्व आणि 'वाजवी समायोजन' : एक विवेचन

भारतात अपंग व्यक्तींच्या नोकरीचा विचार दीर्घकाळ आरक्षणाच्या टक्केवारीपुरताच होत राहिला. पद मिळाल्यानंतर त्या व्यक्तीने काम कसे करावयाचे, हा प्रश्न दुय्यम ठरला. १९९५ च्या अधिनियमातील कलम ४७ हा त्याला एक अपवाद होय. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येणार नाही, त्यास समान वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे, तेही नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. कुणाल सिंग खटल्यात (२००३) पाय गमावलेल्या जवानाला सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण दिले. निवृत्तिवेतन मंजूर झाले म्हणून ते संपुष्टात येत नाही, असेही स्पष्ट केले.

तथापि, या कलमाने वेतन वाचविले तरी कार्यस्थळ बदलले नाही. तो बदल संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातून आला. भारताने २००७ मध्ये या कराराला अनुसमर्थन दिले आणि त्यास अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. वाजवी समायोजन म्हणजे संस्थेवर अवाजवी भार न टाकता विशिष्ट व्यक्तीसाठी केलेला आवश्यक व योग्य फेरबदल. असे समायोजन नाकारणे हाच भेदभाव होय, असे अधिनियमाच्या व्याख्येतच नमूद आहे. त्यामुळे हेतू वाईट नव्हता, एवढा बचाव पुरत नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या अध्यापिकेचे तास उद्वाहक नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लावणारे वेळापत्रक कोणाच्याही द्वेषातून तयार झालेले नसते. परिणाम मात्र तोच होतो.

समायोजन व्यक्तिगणिक ठरते आणि ते संबंधित व्यक्तीशी संवाद साधूनच ठरवावे लागते, ही भूमिका विकास कुमार खटल्यात (२०२१) मांडली गेली. त्याच वर्षी रवींदर कुमार धारिवाल खटल्यात मानसिक आजाराशी निगडित वर्तनाबद्दलची शिस्तभंगाची कारवाई रद्द झाली. अपंगत्व हे त्या वर्तनाचे एकमेव कारण असण्याची गरज नाही, हा त्यातील निष्कर्ष सर्वाधिक दूरगामी म्हणावा लागेल. मोहम्मद इब्राहिम खटल्यात (२०२३) रंगांधत्व अधिनियमाच्या अनुसूचीत नसतानाही तमिळनाडूच्या वीज कंपनीला संबंधित अभियंत्यास नियुक्ती देण्याचा आदेश झाला.

अधिनियमाची उणीव खाजगी क्षेत्राबाबत जाणवते. समायोजनाचे थेट बंधन घालणारे कलम २० 'शासकीय आस्थापना'विषयी बोलते. समान संधी धोरणाचे कलम २१ मात्र सर्व आस्थापनांना लागू आहे. येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते : शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचे साहाय्य घेणाऱ्या संस्थाही येतात. अर्थात, अनुदानित महाविद्यालये या बंधनाबाहेर नाहीत. कलम २३ नुसार अशा आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारींची नोंदवही ठेवणे आणि नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करणे आवश्यक आहे. तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास कर्मचाऱ्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.