वस्तूंचें दुकान कीं राहणीचें?

बाजारांत जावयाचें तें एखादी वस्तु हवी म्हणून, असा आमच्या पिढीचा समज होता. कापड कापडवाल्याकडे, भांडीं तांबट आळींत, खुर्ची सुताराकडे. घट आणि पट हे भिन्न पदार्थ असें न्यायशास्त्र शिकवितें. बाजारहि तसेंच मानीत असे. परंतु ज्या दुकानांत घट, पट, दिवा आणि पलंग एकाच घरांत मांडावे तसे मांडलेले असतात, तें दुकान नुसती वस्तु विकीत नाहीं; तें राहणी विकतें.

या प्रकारचें एक प्रसिद्ध दुकान म्हणजे लंडनचें 'हॅबिटॅट'. फर्निचरचे नमुने तयार करणारे टेरेन्स कॉनरन यांनीं तें १९६४ सालीं फुलहॅम रोडवर काढलें. पांढऱ्या भिंती, वखारींतल्याप्रमाणें रचून ठेवलेली भांडीं, शेजारींच खुर्च्या व रजया. एरव्हीं फर्निचर मागविल्यावर आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. येथें पुष्कळशी वस्तु तत्काळ हातीं पडे. शिवाय सारा माल एकाच रसिक दृष्टीनें निवडलेला. ज्यास पलंग परवडत नसे, तो एक बरणी घेऊनहि त्या राहणीचा अंश घरीं नेऊं शके.

या गोष्टीशीं आपल्या देशाचाहि संबंध आहे. जॉन बिसेल या अमेरिकन गृहस्थानें १९६० सालीं दिल्लींत 'फॅबइंडिया' ही निर्यातीची पेढी काढली. हातमागाचीं कापडें व बैठकीचीं आच्छादनें ती परदेशीं धाडी, आणि 'हॅबिटॅट' हें तिचें एक मोठें गिऱ्हाईक होतें. पुढें १९७६ सालीं तिनें दिल्लीच्या ग्रेटर कैलासमध्यें स्वतःचें दुकान उघडलें. आज पुण्यामुंबईची सुशिक्षित मंडळी तिच्या दुकानांत कुर्ते आणि पलंगपोस कौतुकानें पाहतात. विणकरांच्या हातांस काम मिळालें, हा लाभ लहान नव्हे.

मग दोष कोठें? वस्तूची गरज घेतल्याबरोबर भागते. चित्राची भागत नाहीं. नवा दिवा आला कीं जुनें टेबल विजोड दिसूं लागतें, टेबलापाठोपाठ पडदे येतात, आणि शेवटीं आजीची पितळी परात मोडींत जाते. हप्ते मात्र मुलांच्या शिक्षणाच्या व वडिलांच्या औषधाच्या पैशांतून फेडावे लागतात. आणि चित्र विकणाराहि कायम कोठें टिकतो? 'हॅबिटॅट' १९९२ सालीं दुसऱ्या मालकीचें झालें, व २०११ सालीं ब्रिटनमधील त्याचीं बहुतेक दुकानें बंद पडलीं. त्यांतून नेलेली एखादी मजबूत खुर्ची मात्र अद्यापि कोणाच्या घरीं बसावयास उपयोगीं पडत असेल.

म्हणून आमच्या सुनालेकींस व चिरंजीवांस एवढेंच सांगणें आहे. आवडलेली वस्तु त्या दुकानाच्या उजेडांतून मनानें उचलावी आणि आपल्या माजघरांत ठेवून पाहावी. तेथेंहि ती हवीशी वाटली, तर खुशाल घ्यावी.