रेवदंड्यातला परदेसी

रोमच्या सम्राटाला भारतात यायचं होतं, जमलं नाही. वाटेत लुटला गेलेला एक रशियन व्यापारी मात्र थेट चौलला येऊन पोहोचला. त्याचा स्तंभ आपल्या अलिबागजवळ आहे. पाहिलाय?

अलिबागची ट्रिप आपली ठरलेली असते. मांडव्याची बोट, ओहोटी गाठून कुलाबा किल्ला, नागावचा बीच, भरपूर फोटो आणि संध्याकाळी परत. पुढच्या वेळी नागावला थांबू नका. चौल मागे टाकून रेवदंड्याला जा. अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटर. रस्ता पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. तट बघा, उंच सातखणी मनोरा बघा आणि मग गावातल्या हायस्कूलचा पत्ता विचारा. शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा एक स्तंभ उभा आहे. शाळा सुरू असेल तर आधी ऑफिसमध्ये विचारून घ्या, थेट आत घुसू नका.

हा स्तंभ राजाचा नाही, सरदाराचा नाही, कुठल्या लढाईचाही नाही. तो आहे अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचा. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी तो इथे उभारला गेला.

स्तंभ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विजय येतो. जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोममधलं. सम्राट ट्राजानने डेशिया, म्हणजे आजचा रोमानिया, जिंकला आणि त्या विजयाचा स्तंभ इसवी सन ११३ मध्ये उभा राहिला. चौथऱ्यासकट उंची जवळजवळ ३५ मीटर, सगळा संगमरवर. खालपासून वरपर्यंत वेलीसारखी गुंडाळत गेलेली शिल्पपट्टी आणि तिच्यात अडीच हजारांहून जास्त माणसं कोरलेली. कूच करणारं सैन्य, नदीवरचे पूल, वेढे, कैदी. पुढे सम्राटाच्या अस्थीही याच स्तंभाच्या पायात ठेवल्या गेल्या.

त्या काळात आपलं चौल काही झोपलेलं नव्हतं. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक लिखाणात ‘सेमिला’, ‘सिमिला’ अशा नावांनी येणारं बंदर म्हणजे चौल, असं अभ्यासक मानतात. रोमन साम्राज्यातल्या इजिप्तमधून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन आपल्या किनाऱ्याला लागत. खुद्द ट्राजानही भारताच्या वाटेपर्यंत पोहोचला होता. इसवी सन ११६ मध्ये तो इराणच्या आखाताच्या टोकाला आला, तेव्हा भारताकडे निघालेलं एक जहाज त्याला दिसलं. तरुण असतो तर मीही गेलो असतो, असं तो म्हणाल्याचं इतिहासकार कॅसियस डिओने नोंदवलंय. पुढच्याच वर्षी तो वारला.

त्यानंतर साडेतेराशे वर्षांनी त्याच आखातातल्या होर्मुझ बंदरातून निकितीन निघाला. त्याच्याकडे सैन्य नव्हतं. होता फक्त एक घोडा.

तो व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा. माल घेऊन निघाला आणि आस्त्राखानजवळ लुटला गेला. सोबतची पुस्तकंही गेली. घरी परतावं तर हातात काहीच नाही. मग तो पुढेच जात राहिला. दर्बंद, बाकू, इराण करत होर्मुझला आला. दख्खनमध्ये चांगले घोडे पैदा होत नाहीत, तिथे घोड्याला भाव आहे, हे त्याला कळलं होतं. त्याने एक घोडा मिळवला, तो इथवर आणायला शंभर रूबल खर्च केले आणि जहाजातून चौलला उतरला. हे साल १४६९ धरतात, काही अभ्यासक १४७१ म्हणतात. कुठलंही धरा, वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून पाव शतक बाकी होतं.

चौलमध्ये काय झालं? जिकडे जावं तिकडे लोक मागे! गोरा माणूस बघून सगळे चकित, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि तो आपल्याकडे बघून चकित. लोक उघड्या डोक्याने, उघड्या अंगाने फिरतात, केसांची एक वेणी घालतात, याचं त्याला नवल. घोड्यांना इथे खिचडी खायला घालतात, हेही त्याने टिपलंय.

चौलहून तो आठ दिवसांनी पालीला पोहोचला. ही पाली म्हणजे आपली बल्लाळेश्वराची पाली, असं मानलं जातं. आज गाडीने दोन-अडीच तास! तिथून पुढे जुन्नर. पावसाळ्यात तो तिथेच अडकला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी त्याची तक्रार आहे. जुलैत एसटीची वाट बघत उभं राहिलेल्या कुणालाही ती पटेल. त्यातच जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, अशी अट घातली. मुदत चार दिवसांची. शेवटी खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. पुढे बहमनी राजधानी बिदरमध्ये तो विकला गेला. पण तोवर त्याला पोसण्यातच बराच पैसा गेला होता. आपल्या देशात नेण्याजोगा मालही इथे फारसा सापडला नाही, असं त्याने प्रांजळपणे लिहिलंय. धंदा म्हणून ही सफर फसलीच.

परतताना तो दाभोळहून जहाजात चढला, पण घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या मात्र पोहोचल्या. व्यापाऱ्यांनी त्या मॉस्कोला नेल्या आणि १४७५ मध्ये त्या तिथल्या दरबारी कारकुनाच्या हाती आल्या. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ हे त्याचं पुस्तक त्यातूनच आलं. १९५७ मध्ये त्याच्यावर ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत सिनेमाही निघाला. त्यात नर्गिस आणि बलराज साहनी होते.

म्हणजे बघा, ट्राजानची गोष्ट दगडात कोरायला अख्खं साम्राज्य राबलं. निकितीनची गोष्ट त्याने एकट्याने लिहिली, तीही कॅलेंडर हरवलेलं असताना. पुस्तकं लुटली गेल्यामुळे ईस्टर नक्की कधी येतो हेसुद्धा त्याला अंदाजाने ठरवावं लागे. तरी त्याने लिहिणं सोडलं नाही. त्याने वह्या भरल्या नसत्या, तर रेवदंड्यात हा स्तंभ नसता.

तर जाऊन या. स्तंभावर किंवा तटावर आपलं नाव तेवढं कोरू नका. नाव मागे ठेवायची दुसरी रीत आत्ताच वाचलीत. परतीच्या बोटीत पाऊण-एक तास मिळतो. फोटो अपलोड करून झाले की आज काय खाल्लं, कुणाशी बोललात, कुठे फसलात, एवढं लिहून काढा. निकितीनने तरी दुसरं काय केलं होतं?