‘सी १६’ : एका संकेतांकाची गोष्ट

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर पेरुंगुडी लागते. एका अंगास पळ्ळिकरणैची पाणथळ, दुसऱ्या अंगास काचेच्या कचेऱ्या. अमेरिकेतील रुग्णांचे कागद वाचून प्रत्येक रोगास त्याचा संकेतांक लावणारी तरुण मंडळी आपणांस येथे भेटतील.

जठराच्या कर्करोगाचा संकेतांक ‘सी १६’. पण तेवढ्याने भागत नाही. अन्ननलिका जठरास मिळते तेथील रोग सी १६.०, जठराच्या मुख्य भागातील सी १६.२, वैद्याने जागाच लिहिली नसेल, तर नाइलाजाने सी १६.९. अमेरिकेने ही दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून दाव्यांसाठी स्वीकारली.

खरी कसोटी निराळीच आहे. बाह्यरुग्णाच्या कागदावर नुसती ‘कर्करोगाची शंका’ असेल, तर पोटदुखी, रक्ताची उलटी अशा लक्षणांचाच अंक लावावयाचा. घाईने सी १६ लिहिला, की निरोगी माणसाच्या नोंदीत कर्करोग जाऊन बसतो. आणि तो तेथून उठविणे सोपे नव्हे! उलट, शस्त्रक्रिया होऊन उपचार संपलेल्या, रोगाचा मागमूस न उरलेल्या रुग्णास ‘पूर्वी होऊन गेला’ असे सांगणारा झेड ८५ चा अंक.

आपल्याकडेही विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात रोगाचा संकेतांक असतो. त्या भागाची प्रत अवश्य मागून घ्यावी, आणि बायॉप्सीच्या अहवालाशी ती स्वतः ताडून पाहावी.