मुख्याध्यापकाच्या पाठीशी कोण?

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक व्हायला काय लागतं? मुख्यतः सेवाज्येष्ठता. वीस-पंचवीस वर्षं वर्गात शिकवलेल्या शिक्षकाच्या हाती एक दिवस पदोन्नतीचा आदेश पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून पोषण आहाराच्या नोंदी, सरकारच्या यू-डायस पोर्टलवरची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, सहकाऱ्यांच्या रजा आणि गावातली गटबाजी असं सगळं त्याच्या गळ्यात येतं. लहान शाळांत तर हे पदही नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे प्राथमिकला १५० हून आणि उच्च प्राथमिकला १०० हून अधिक मुलं असतील, तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद मिळतं. बाकी ठिकाणी असलेल्या शिक्षकांतल्या ज्येष्ठाकडे ‘चार्ज’ असतो आणि दोन इयत्ता एकत्र शिकवता शिकवता तोच टपालाची उत्तरं देतो. शिकवण्यासाठी डी.एड., बी.एड., टीईटी असे टप्पे आहेत. शाळा चालवण्यासाठी मात्र पद मिळण्याआधी काही शिकावं लागत नाही. ही उणीव ओळखून गेल्या पंधरा-सतरा वर्षांत काही स्वयंसेवी संस्था या कामात उतरल्या. त्या बोलतात बहुधा प्रशिक्षणाबद्दल. माझ्या मते त्यांचं मोल ठरतं ते प्रशिक्षण संपल्यावर, मुख्याध्यापक आपल्या शाळेत परत गेल्यानंतरच्या महिन्यांत.

आधी एका रास्त शंकेचा विचार करू. मुलांना शिकवतो तो शिक्षक. मग पैसा आणि मेहनत मुख्याध्यापकावर कशाला? अमेरिकेत २०२१ मध्ये ग्रिसम, एगलिट आणि लिंडसे या अभ्यासकांनी वीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांच्या हिशेबाने, गुणवत्तेत तळाच्या पाव भागाच्या सीमेवरचा मुख्याध्यापक जाऊन त्या जागी वरच्या पाव भागाच्या सीमेवरचा आला, तर मुलांचं गणित आणि वाचन वर्षाला जवळपास तीन महिन्यांच्या शिक्षणाइतकं पुढे जातं. चांगल्या शिक्षकाचा परिणाम याहून कमी नसतो, पण तो त्याच्या वर्गापुरता; मुख्याध्यापकाचा सगळ्या शाळेवर. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या अठराशेहून अधिक माध्यमिक शाळांचं व्यवस्थापन तपासलं. जिथे ते बरं, तिथे मुलांची संपादणूकही बरी असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, आणि आठांत भारत तळाला होता. अर्थात दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे, आणि अमेरिकेतल्या मुख्याध्यापकाचे अधिकार आपल्याकडच्या मुख्याध्यापकाच्या स्वप्नातही नसतात.

सगळ्यात खरा आक्षेप तोच आहे. इथला सरकारी मुख्याध्यापक शिक्षक नेमू शकत नाही, काढू शकत नाही, त्याची बदली रोखू शकत नाही. पैसे येतात तेही कशावर खर्च करायचे हे आधीच ठरवून. मग त्याने नेतृत्व करायचं म्हणजे काय? पण त्याच्या हातात उरलेल्या गोष्टी पाहिल्या तर यादी अगदीच रिकामी निघत नाही. पहिलीचा वर्ग कोणाला द्यायचा हे बऱ्याच ठिकाणी तोच ठरवतो, आणि अक्षरओळख पक्की करून देणारा शिक्षक पहिलीला मिळाला की पुढच्या चार वर्षांचं ओझं हलकं होतं. वेळापत्रक त्याचं. दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून तास पाहायचा आणि नंतर दहा मिनिटं त्यावर बोलायचं, याला वरिष्ठांची परवानगी लागत नाही. मागे पडलेल्या मुलांची यादी घेऊन शिक्षकांबरोबर बसणं, व्यवस्थापन समितीची बैठक सह्यांपुरती न ठेवणं, हेही त्याच्याच हाती. हे होत नाही याचं एक कारण वेळ. दुसऱ्या कारणाबद्दल फारसं बोललं जात नाही: कालपर्यंत बरोबरीने बसणाऱ्या सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन ‘हे असं करून पाहा’ म्हणणं फार अवघड असतं. त्यासाठी लागणारा धीर तीन दिवसांच्या कार्यशाळेत मिळत नाही.

कैवल्य एज्युकेशन फाउंडेशनने २००८ मध्ये राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यात काम सुरू केलं, तेव्हा त्याची रचनाच या अडचणीभोवती केली होती. सरकारी मुख्याध्यापकांसाठी तीन वर्षांचा कार्यक्रम आणि त्याला जोडून गांधी फेलोशिप. नुकतेच पदवीधर झालेले तरुण दोन वर्षं जिल्ह्यात राहत आणि प्रत्येक जण साधारण पाच मुख्याध्यापकांच्या शाळांत नियमित जाई. पंचविशीही न गाठलेला पोरगा पन्नाशीतल्या गुरुजींना काय शिकवणार, असं कोणीही विचारेल. शिकवणं हे त्याचं काम नव्हतंच. कार्यशाळेत ठरलेली गोष्ट सोमवारी शाळेत होते का हे पाहायचं, नाही झाली तर पुन्हा यायचं, मुलांची चाचणी घ्यायला आणि पालकांना गोळा करायला हातभार लावायचा. अधिकाऱ्याची भेट तपासणीसाठी असते. तपासणीविना, केवळ मदतीसाठी वारंवार येणारं माणूस मुख्याध्यापकाला फारसं भेटलेलं नसतं. मात्र या रचनेतली कमजोरीही उघड होती: दोन वर्षांनी फेलो जातो.

पाठीशी राहणारी अशी साथ नसली तर काय उरतं, याचा धडा मध्य प्रदेशाने दिला. तिथल्या सरकारने ब्रिटनमधल्या आर्क या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने शाळांचं मूल्यमापन आणि त्यावरून प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा असा कार्यक्रम आखला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची निवड करून त्याची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. मूल्यमापनं झाली, आराखडे तयार झाले, कागद वर पोहोचले. पण शिक्षकांची हजेरी, अध्यापन, मुलांची संपादणूक यांत काही फरक पडला नाही. शाळांना हा कार्यक्रम म्हणजे आणखी एक माहिती भरून देण्याचा प्रकार वाटला होता. तरी तो ‘यशस्वी’ ठरला आणि देशभरातल्या सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत पसरला. निष्कर्ष २०२० मध्ये आले तोवर गाडी फार पुढे गेली होती. मुख्याध्यापकांवरचा खर्च वाया जातो म्हणणारे या अभ्यासाचा दाखला देतात. मला त्यातून वेगळं दिसतं. आराखड्यानंतर शाळेकडे येणाऱ्या पर्यवेक्षकांच्या मदतीत किंवा देखरेखीत काहीच वाढ झाली नव्हती, म्हणजे मुख्याध्यापकाच्या हाती जास्तीचा एक कागद आला, माणूस आला नाही.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या सरकारी शाळांत रोलंड फ्रायर यांनी केलेला प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. तिथे मुख्याध्यापकांना दोन वर्षांत ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं: पाठ आखणं, मुलांच्या गुणांवरून पुढचं ठरवणं, शिक्षकांचे तास पाहून सांगणं. पहिल्या वर्षी मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. दुसऱ्या वर्षी ती निम्म्यावर आली, आणि आकड्यांच्या कसोटीवर तिची खात्री देता येईना. खोलात गेल्यावर आढळलं की ज्या शाळांचा मुख्याध्यापक टिकून राहण्याची शक्यता होती तिथे परिणाम दोन्ही वर्षं राहिला. जिथे तो जाण्याची शक्यता होती तिथे उल्लेख करावा असा काही हाती लागला नाही. बदल्यांच्या आदेशांत गुंतलेल्या आपल्या शिक्षण खात्याने हे वाचायला हरकत नाही. एका माणसाला घडवण्यावर दोन-तीन वर्षं घालायची आणि मग त्याला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं, यात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा दोष काही नाही, पण नुकसान तिच्याही कामाचं होतं.

मुख्याध्यापक घडवण्याचं काम सरकारचं. मग कंपन्यांच्या सीएसआरमधून चालणाऱ्या संस्थांनी ते का करावं? प्रश्न योग्य आहे. केंद्र सरकारने नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र २०१२ मध्येच काढलं, म्हणजे गरज सरकारलाही मान्य आहे. पण तिथून गावच्या शाळेपर्यंत पोहोचायचं तर मधले लोक लागतात, आणि महाराष्ट्रात ते आधीपासून आहेत: दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आणि त्यावर विस्तार अधिकारी. केंद्रप्रमुखाचं पद मुळात शाळांना शैक्षणिक मदत करण्यासाठी; प्रत्यक्षात तो बराचसा माहिती गोळा करणारा झाला, आणि अनेक केंद्रांवर पद रिकामं असल्याने एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार असतो. पुण्याच्या लीडरशिप फॉर इक्विटीसारख्या संस्था म्हणूनच थेट शाळा हाती घेण्यापेक्षा राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद आणि जिल्ह्यातले अधिकारी यांच्याबरोबर काम करतात. हा मार्ग संथ आहे आणि देणगीदाराला दाखवायला त्यात फोटो कमी मिळतात. पण फेलो निघून जातो आणि केंद्रप्रमुख मात्र खात्यातच राहतो, हा फरक लक्षात घेतला तर मला तोच बरा वाटतो. अशा संस्थांशी करार करताना शिक्षण विभाग सहसा किती मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण होणार, एवढाच आकडा मागतो. केंद्रप्रमुख महिन्यातून किती दिवस माहिती न मागता शाळेत बसला, आणि प्रशिक्षण घेतलेले किती मुख्याध्यापक तीन वर्षांनी त्याच शाळेत आहेत, हे दोन आकडेही करारात असावेत. त्यांतला दुसरा संस्थेने नाही, विभागानेच द्यायचा आहे.