सालीचा तपकिरी रंग : मालवण किनाऱ्याची जाळी आणि जावाचे बातिक

वस्त्ररंजनाचा विचार करताना आपल्यापुढे साधारणतः नेसावयाची, पांघरावयाची किंवा भिंतीवर लावावयाची वस्त्रे येतात. मासेमारीचे जाळे हेही सुताचेच काम आहे, आणि काही पिढ्यांपूर्वीपर्यंत तेही रंगविले जात असे, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. कोकण किनाऱ्यावरील सुती व तागाची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्याने तपकिरी होत. जावा बेटातील सुप्रसिद्ध बातिक वस्त्राचा तपकिरी रंगही सालीचाच. रंगद्रव्याचे कुल एकच. परंतु एका ठिकाणी त्यावर मोठा व्यापार उभा राहिला, तर दुसऱ्या ठिकाणी ते काम नायलॉन येताच नाहीसे झाले आणि ते गेल्याची नोंदही फारशी कोणी ठेवली नाही. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम रंगाविषयी. हिरडा, बाभळीची साल, खैराचा कात, ओली सुपारी, कच्चे केळे ह्या सर्वांत जो तुरटपणा असतो तो टॅनिन नावाच्या द्रव्यांमुळे. कच्चे केळे चिरताना जुन्या लोखंडी विळीवर जो काळा डाग पडतो तो टॅनिन आणि लोह ह्यांच्या संयोगाचा असतो; हिरड्याची शाई ह्याच तत्त्वावर होत असे. टॅनिनाचा दुसरा गुण असा की, ते प्रथिनांना घट्ट धरून ठेवते. चामडे कमावले जाते ते ह्यामुळेच. सूक्ष्म जंतू ज्या पाचक द्रव्यांच्या साहाय्याने वस्तू कुजवितात ती द्रव्येही प्रथिनेच होत. सालीच्या काढ्यात मुरलेल्या सुतावर ह्या पाचक द्रव्यांचा प्रभाव मंदावतो. म्हणून टॅनिन हे एकाच वेळी रंगही आहे आणि औषधही.

मासेमाराला ह्यांतील औषधाची गरज होती. कापूस आणि ताग हे दोन्ही तंतू मुख्यतः सेल्युलोजचे बनलेले असतात, आणि उष्ण प्रदेशातील समुद्राच्या पाण्यात सेल्युलोज झपाट्याने कुजते. न रंगविलेले सुती जाळे सतत वापरात असल्यास थोड्याच आठवड्यांत हाताने तुटेल इतके दुबळे होते. कोकणात ह्यावर ऐनाच्या सालीचा उपाय होता. साल कुटून पाण्यात उकळावयाची, त्या गडद काढ्यात जाळे बुडवून ठेवावयाचे, मग वाळूवर किंवा काठ्यांवर पसरून वाळवावयाचे. समुद्राच्या पाण्याने टॅनिन हळूहळू धुऊन जाते, म्हणून हे काम एकदा करून भागत नसे. हंगामात ते पुनःपुन्हा करावे लागे. युरोपातील कोळीही हेच करीत, आणि त्यासाठी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान व ब्रह्मदेशातून गेलेला कात वापरीत. कोकणातील कातकरी समाजाचे नावच कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेले आहे, हे येथे आठवावे. आपल्या पानात रंगणारा पदार्थ उत्तर समुद्रातील शिडांना व जाळ्यांना तपकिरी करीत होता.

ह्या रंगकामापूर्वीचे कष्टही लहान नव्हते. सूत कातणे, त्याला पीळ देणे, मग बांबूच्या सुईने एकेक गाठ मारीत, आस सारखे राखीत जाळे विणणे, अशी ती साखळी होती. मालवण किनाऱ्यावरील रापण हे जाळे तर फारच मोठे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात. एवढ्या विस्ताराच्या जाळ्यात किती गाठी असतील ह्याचा हिशेब वाचकाने मनाशी करून पाहावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असे, होड्या वर ओढून शाकारलेल्या असत, आणि ह्या मोकळ्या महिन्यांत कातण्या-विणण्याचे व दुरुस्तीचे काम घरोघर चाले. त्यात घरातील स्त्रियांचा व म्हाताऱ्यांचा वाटा मोठा होता.

आता बातिकाकडे वळू. बातिक म्हणजे मेणाच्या साहाय्याने केलेले रोधरंजन. कापडाचा जो भाग रंगवावयाचा नाही त्यावर वितळलेले मेण लावावयाचे आणि मग कापड रंगात बुडवावयाचे. मेणाखालील भाग कोरा राहतो. जावामध्ये मेण लावण्यासाठी ‘चांटिंग’ नावाचे उपकरण असते. बोरूसारख्या दांड्याला बसविलेली तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला बारीक चोच, एवढेच त्याचे स्वरूप. मेणात मधमाश्यांचे मेण, पॅराफिन आणि राळ असे मिश्रण असते. मधमाश्यांचे मेण चिवट असल्याने त्याची रेघ तुटत नाही. पॅराफिन ठिसूळ, त्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून रंग शिरून कोळिष्टकासारख्या रेषा उमटतात. आपल्याकडे ह्या रेषा बातिकाचे लक्षण समजल्या जातात. जावाच्या जुन्या परंपरेत मात्र नेमक्या कामात त्या दोषच मानल्या जात. उत्तम काम कापडाच्या दोन्ही बाजूंनी मेण रेखून केले जाते.

बातिकाचे सर्व शास्त्र एका अडचणीतून निघाले आहे. मधमाश्यांचे मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळते, म्हणून रंग थंड असावा लागतो. नीळ थंड कुंडात चढते, त्यामुळे ती बातिकाला सोयीची. परंतु सालीचा रंग सुतात चांगला मुरावयाचा तर काढा गरम हवा. मालवणचा मासेमार आपले जाळे खुशाल कढत काढ्यात बुडवू शकत होता. त्याला कोणतीही नक्षी राखावयाची नव्हती. जावाच्या रंगाऱ्याला तीच साल उकळून, काढा निववून, कापड त्यात बुडवून वाळवावे लागे, आणि हे एकदा दोनदा नव्हे तर कित्येक वेळा. योग्यकर्ता आणि सुरकर्ता (सोलो) येथील ‘सोगा’ नावाचा गडद तपकिरी रंग असा दिवसचे दिवस खपून चढविला जाई.

ह्या सोगा रंगासाठी तीन झाडे विशेषेकरून वापरली जात. त्यांतील एक म्हणजे पेल्टोफोरम, जो आपल्या रस्त्यांच्या कडेला पिवळ्या फुलांनी बहरतो तो सोनमोहर. दुसरे सेरिऑप्स टॅगल हे कांदळवनातील झाड. ते महाराष्ट्राच्या खाड्यांतही आढळते. तिसरे पिवळा रंग देणारे एक काटेरी झाड. म्हणजे जावाच्या राजदरबारी वस्त्राचा रंग देणाऱ्या तीन झाडांपैकी दोन आपल्या परिचयाची आहेत. झाडांचा अभाव हे काही मालवणला बातिक न होण्याचे कारण नव्हे.

मग भेद कशात आहे? माझ्या मते तो ग्राहकात आणि श्रमाच्या मोजणीत आहे. जावामध्ये बातिक प्रथम घरातील व दरबारातील स्त्रियांचे काम होते. पण ते विकले जाणारे वस्त्र होते. कापडाला भाव होता, म्हणून त्यातील मेणकामाला मजुरी होती, मग ती कितीही तुटपुंजी का असेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘चाप’ म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचा ठसा प्रचारात आला. हाताने रेखावयाच्या ज्या कापडाला आठवडे किंवा महिने लागत, तशी कापडे ठशाने एका दिवसात अनेक होऊ लागली. ठसा मारण्याचे काम पुरुषांकडे गेले, हाताची रेघ स्त्रियांकडे राहिली आणि व्यापार कारखानदारांच्या हाती आला. सोलोचे हे बातिक-व्यापारी इतके संघटित होते की, 1912 मध्ये ‘सारेकत इस्लाम’ हे नाव धारण करणारी मोठी चळवळ त्यांच्याच व्यापारी संघातून निघाली. पुढे 1948 साली बातिक उत्पादकांच्या सहकारी संस्थांचा महासंघ स्थापन झाला. 2009 मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या बातिकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ठसा आला, रासायनिक रंग आले, छापील नक्कल आली, तरी हाताने रेखलेल्या वस्त्राला आपला ग्राहक राहिला, कारण त्या वस्त्राकडे पाहणारे आणि त्यातील हात ओळखणारे कोणी होते.

जाळ्याचे असे नव्हते. ते विकण्यासाठी रंगविले जात नव्हते. घरच्या वापरासाठी रंगविले जात होते. रापणीच्या उत्पन्नाचे वाटे पडत: जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा. ह्यांतील जाळ्याचा वाटा जाळे ज्याचे त्याला मिळे. त्या वाट्यातच कातणाऱ्या बाईचे, विणणाऱ्या म्हाताऱ्याचे आणि साल कुटून काढा उकळणाऱ्यांचे श्रम दडलेले होते. पण त्यांचा निराळा दर कधी ठरला नाही. जे श्रम मोजले गेले नाहीत ते गेले तेव्हा कोणाचा रोजगार गेला असेही म्हणता आले नाही. मासळी विकणारी स्त्री बाजारात दिसते, तिचा धंदा दिसतो. सूत कातणारी तीच स्त्री घरात होती.

नायलॉनचा शोध अमेरिकेत 1935 साली लागला. 1957 मध्ये हॅम्बर्ग येथे जागतिक अन्न व शेती संघटनेने मासेमारीच्या साधनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली, तेव्हा सुती जाळ्यांचे रक्षण आणि कृत्रिम तंतूंची जाळी हे दोन्ही विषय चर्चेत होते. त्याच वर्षी कोची येथे आपली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. पुढील काही दशकांत प्रश्नाचा निकाल लागला. नायलॉन समुद्रात कुजत नाही, पाणी थोडेच पिते, भिजल्यावर सुताच्या जाळ्याइतके जड होत नाही आणि त्याच जाडीच्या सुतापेक्षा पुष्कळ बळकट असते. कोणत्याही शहाण्या मासेमाराने ते घ्यावे हेच योग्य होते, आणि जुन्या जाळ्यांसाठी हळहळण्याचे मला काही कारण दिसत नाही. दर काही दिवसांनी ओले जड जाळे काढ्यात उकळण्याच्या कष्टांतून माणसे सुटली. मात्र एक फरक झाला. पूर्वी जाळे म्हणजे घरचे श्रम आणि रानातील साल होती. आता ते रोख पैसे किंवा कर्ज झाले. जाळ्याचा वाटा कायम राहिला, पण तो घरात न थांबता दुकानाकडे आणि पेढीकडे जाऊ लागला. पर्ससीन आणि यांत्रिक नौकांच्या स्पर्धेने पुढे ह्या किनाऱ्यावर जो संघर्ष उभा राहिला, आणि ज्यासाठी शासनाला फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला, त्याची कारणे निराळी व अनेक आहेत. तथापि साधनांसाठी रोख भांडवल लागणे हे त्यांच्या मुळाशी आहेच.

न कुजण्याच्या गुणाची दुसरी बाजूही आहे. तुटून समुद्रात राहिलेले सुताचे जाळे काही काळाने विरून जाई; नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे खडकांत अडकून मासे, कासवे आणि प्रवाळ ह्यांना गुंतवीत राहते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य घोषित झालेले आहे, म्हणून येथे ही गोष्ट विशेष जाणवते.

मालवणला आता पर्यटक येतात, त्यांना काही स्थानिक वस्त्र विकावे, आणि त्यासाठी स्त्रियांना बातिक शिकवावे, अशी कल्पना कोणालाही सुचण्याजोगी आहे. भारतात बातिक नवे नाही. उज्जैनजवळच्या भेरूगढला आणि कच्छमधील मुंद्र्याला मेणाच्या छपाईची परंपरा आहे. 1927 साली रवींद्रनाथ जावाला जाऊन आल्यानंतर शांतिनिकेतनात बातिकाचा अभ्यास वाढला, आणि पुढे पुण्यामुंबईच्या छंदवर्गांतून ते मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. छंद म्हणून ते सोपे आहे. उपजीविका म्हणून मालवणला ते करावयाचे तर काही साध्या गोष्टींचा हिशेब आधी करावा लागेल.

पहिली गोष्ट ऋतूची. जाळी विणण्याचे काम पावसाळ्यातील होते आणि म्हणूनच ते मासेमार कुटुंबात बसत असे. मासेमारी बंद असताना हात मोकळे असत. बातिकाला वाळवण लागते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ह्या किनाऱ्यावर कापड धड वाळत नाही. उलट, ऊन असते त्या महिन्यांत स्त्रिया मासळीच्या लिलावात, बाजारात आणि सुकविण्याच्या कामात गुंतलेल्या असतात. रेखाटन आणि मेणकाम घरात बसून पावसाळ्यात करता येईल व रंगकाम नवरात्रानंतर, असा तोड सुचतो; पण मेण लावलेले कापड महिनोन्‌महिने ठेवले तर ते तडकते, म्हणून कापडाचे लहान तुकडे, रुमाल, गळपट्टे अशाच कामांपुरता तो चालेल. दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्र आणि कर्ली खाडी ह्यांच्यामधल्या देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीत गोडे पाणी जपून वापरावे लागते, आणि बातिकात मेण काढण्यासाठी कापड पुष्कळ पाण्यात उकळावे व धुवावे लागते. ते पाणी रासायनिक रंगांसह खाडीत सोडून चालणार नाही. तिसरी गोष्ट सालीची. कांदळवने तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तेव्हा सेरिऑप्सची साल विचारात घेऊ नये. सोनमोहराच्या छाटलेल्या फांद्या, खैराचा कात, इमारती लाकडासाठी रीतसर तोडलेल्या ऐनाची वाया जाणारी साल, एवढ्यावरच काम भागवावे लागेल. ऐनाच्या सालीचा रंग थंड काढ्यात किती बुडव्यांनी चढतो आणि चुन्याने अथवा तुरटीने तो किती टिकतो, हे प्रयोग करून पाहण्याजोगे आहे. गरम काढ्यात तो चढतो एवढे कोकणातील जाळ्यांनी सिद्ध केलेलेच आहे.

चौथी गोष्ट दराची, आणि ती प्रारंभीच ठरावी. मेण लावणाऱ्या स्त्रीला नगावर किती, रंगकाम करणाराला किती, बिघडलेल्या कापडाचा तोटा कोणाचा, हे कागदावर लिहिलेले असावे, आणि तो कागद काम करणारांच्याजवळ असावा.